खान मेलाच नव्हता

उंबरखिंडीच्या लढाईत मोगल सरदार कारतलबखान मरत नाही. तो अडकतो, हरतो, अभय मागतो, जवळचे सगळे काढून देतो आणि आल्या वाटेने जिवंत परत जातो. याबद्दल दोन मते नाहीत. लढाईचा निकालच तो आहे.

प्रयोगात मात्र तो मरतो. तेही पोटात वार बसून.

खंडाळ्याच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर आम्ही तो मरताना पाहिला. नाश्ता, लढाई, जेवण आणि चहा, सगळे एका तिकिटात. मुंबईची आणि पुण्याची मंडळी सकाळी येणार, संध्याकाळी चिक्की घेऊन परत जाणार. जेवण एक वाजता, म्हणून लढाई साडेअकराला. धुराची यंत्रे होती. हातात माइक घेतलेला निवेदक होता आणि त्याचा आवाज एकदाही खाली आला नाही. मावळे झालेली मुले चांगली तयारीची होती. दांडपट्टा फिरवणाऱ्या एका पोराचे मनगट पाहत राहावे असे होते. त्याची वर्षानुवर्षांची मेहनत लपत नव्हती, आणि त्याला मिळालेल्या टाळ्या रास्तच होत्या.

मग खान पुढे आला. हिरवा झगा, पोटाला बांधलेली गिरदी, काळी दाढी. प्रयोगातले महाराज त्याच्यावर धावून गेले. वार पोटात बसला. गिरदी बाजूला सरकली, खान हिरवळीवर कोसळला, फटाक्यांची माळ लागली. निवेदकाने घोषणा दिली, लोकांनी साथ दिली. लगेच जेवणाची सूचना झाली.

आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वडिलांना विचारले, "बाबा, याची कबर कुठंय?" वडील म्हणाले, "इथंच असेल कुठंतरी." मुलगा प्रतापगडाला जाऊन आलेला असणार. त्याचा प्रश्न बरोबर होता. फक्त खान चुकीचा होता.

पोटातला तो वार प्रतापगडचा आहे. कपडेपटवाल्याकडे खानाचा एकच संच असतो आणि दिग्दर्शकाकडे खानाचा एकच शेवट. झगा, गिरदी, दाढी आणि पोट. अफझलखानाचा सरंजाम कारतलबखानाच्या अंगावर चढला आणि त्याचा शेवटही बरोबर आला.

आता तारखा पाहू. अफझलखान 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. कारतलबखान 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत शरण आला आणि सुटला. त्याला ज्याने पाठवले होते तो शाहिस्तेखान 5 एप्रिल 1663 च्या रात्री लाल महालात बोटे गमावून पळाला. साडेतीन वर्षांच्या आत तीन खान आणि तीन वेगळे शेवट. एकाला मारले, एकाला सोडले, एकाला हादरवून पळवून लावले. प्रत्येक वेळी महाराजांनी वेगळा हिशेब मांडला. प्रयोगवाल्यांनी तिन्ही हिशेब पुसले आणि एकच उत्तर लिहिले. मेला.

हे तपशिलाचे भांडण नाही. तलवारीची मूठ कोणत्या धाटणीची, पगडी त्या काळातली आहे की पेशवाईतली, पायात बूट दिसले का, असल्या चुका काढणारे पुष्कळ आहेत. त्यांना ते काम करू द्यावे. मावळ्याच्या पायातला बूट आम्हाला चालेल. खान मेला हे चालणार नाही, कारण तिथे लढाईच बदलते.

उंबरखिंडीत झाले काय? कोकण जिंकायचे म्हणून खान पुण्याहून निघाला. मळलेला बोरघाट त्याने टाळला आणि कुरवंड्याच्या बाजूने उतरायचे ठरवले. वाट आडवळणाची, तेव्हा आपण कुणाच्या नजरेला पडणार नाही, हा त्याचा अंदाज. महाराजांना ती खबर आधीच होती. त्यांनी खानाला घाटमाथ्यावर अडवले नाही. उतरू दिले. फौज एकामागे एक अशी दाट रानात, अरुंद वाटेवर पूर्ण शिरेपर्यंत वाट पाहिली. रविवारी द्रुतगती मार्गावर आडोशीच्या बोगद्यापाशी गाडीत अडकून पडलेल्याला यापुढचे सांगायला नको. पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, आणि मागून येणारा थांबत नाही. मग दोन्ही अंगांनी गोळ्या, बाण आणि दगड सुरू झाले. परतीचे तोंडही बंद होते. वारा नाही, पाणी नाही. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा कोंडमारा तपशिलाने आला आहे, आणि ते काव्य महाराजांच्या हयातीतले आहे.

माणसे पडली. खानाच्या काही सरदारांनी तोंड दिले, पण ते फार काळ टिकले नाही. रक्त सांडलेच नाही असे कुणी म्हणत नाही. पण लढाईचा निकाल लावला तो रायबागनच्या सल्ल्याने.

माहूरच्या उदारामांची ही विधवा खानाच्या फौजेत सरदार होती. आपल्याच सेनापतीला तिने सुनावले. शिवाजीच्या रानात तू फौज आणून घातलीस, ही चूक तुझी आहे. आता मर्दुमकी दाखवून हजारो माणसे फुकट घालवू नकोस, शरण जा. तिच्या बोलण्याचा मथितार्थ हा. खानाने ऐकले. वकील धाडला. महाराजांनी अभय दिले. शस्त्रे, सामान आणि खंडणी ठेवून घेतली आणि फौजेला वाट मोकळी करून दिली.

या लढाईतले सर्वांत शहाणे वाक्य शत्रूच्या छावणीतल्या एका बाईच्या तोंडी आहे. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात ती बाई नव्हतीच. आयोजकांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की घोड्यावर बसणारी मुलगी मिळाली नाही. मिळाली नसेलही. पण रायबागनला प्रयोगात घोड्यावर बसायची गरजच नव्हती. तिला बोलायचे होते.

खानाबरोबर आणखी कोण होते? अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधव. नावे वाचली तर ही फौज एका झेंड्याची, एका झग्याची नव्हती हे कळते. प्रयोगात सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे होते. त्याने मारणे सोपे जाते.

आयोजकांची बाजू आम्हाला माहीत आहे. लोकांना शरणागती बघायची नसते, असे ते म्हणतात. वकील येतो, मुजरा करतो, बोलणी होतात, खान खाली मान घालून निघून जातो, यावर टाळी कोण देणार? पैसे देऊन आलेल्या माणसाला शेवट दणक्यात लागतो. ही धंद्याची गोष्ट आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली आहे. मग तिकिटावर 'इतिहास जिवंत करणारा अनुभव' असे छापू नये. इतिहासात जो जिवंत राहिला त्याला इथे मारले जाते.

आणि टाळी पडत नाही हेही तपासून पाहिलेले नाही. 2015 च्या जूनमध्ये बेल्जियममध्ये वॉटर्लूच्या लढाईची द्विशताब्दी झाली. हजारो हौशी लोक गणवेश घालून रणांगणावर उतरले. नेपोलियन झाला होता पॅरिसचा एक वकील. त्या लढाईत नेपोलियन हरतो, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. जयजयकार तरी त्याचाच झाला. इंग्लंडात हेस्टिंग्जची 1066 ची लढाई दर ऑक्टोबरात पुन्हा लढली जाते. राजा हॅरॉल्ड दर वेळी हरतो. त्याला जिंकवून द्यावे असे कुणाला वाटत नाही. त्यांचे सगळे अनुकरणीय आहे असे नाही. तिथेही बिअरचे तंबू असतात आणि तोफेपेक्षा तिकडे गर्दी जास्त असते. पण निकालाला ते हात लावत नाहीत. आपण मंडपापासून माइकपर्यंत सगळे उचलले. एवढे एकच उचलायचे राहिले.

मावळात तर हे अधिकच खटकते. कारण या मुलखातला दुसरा मोठा विजयही असाच आहे. राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेल्या इंग्रजी फौजेच्या आघाडीने नोव्हेंबर 1778 मध्ये बोरघाट ताब्यात घेतला. खंडाळ्याहून ती फौज पुढे सरकली ती मुंगीच्या पावलांनी. लढणारे चार हजारांच्या आत, आणि सामान वाहणारे बैल 19,000, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. 9 तारखेला फौज तळेगावला पोचली, तर गाव जाळून मोकळे केलेले. दाणा नाही, वैरण नाही. 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले आणि वडगावात कोंडले गेले. 16 जानेवारीला तह झाला. दोन ओलीस ठेवून घेतले आणि बाकीची फौज मुंबईला जाऊ दिली.

बोरघाटावर चढून आलेली कंपनीची फौज जिवंत उतरून गेली. तिला कोंडणाऱ्या महादजी शिंद्यांना ती कापून काढणे अशक्य होते असे कुणीच म्हणणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. सोडले, म्हणूनच मुंबईच्या इंग्रजांनी वडगावचा तह धुडकावला आणि युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले. मारले असते तर? या प्रश्नावर खुशाल वाद व्हावा. वडगावच्या चौकात व्हावा, कॉलेजात व्हावा. महादजींनी कच्चे केले की पक्के, यावर दोन पिढ्या भांडल्या तरी चालेल. पण भांडायला शत्रू जिवंत सुटला हे आधी माहीत असावे लागते. हिरवळीवरच्या प्रयोगात तो प्रश्नच उरत नाही. पडदा पाडून जेवायला बसवतात.

उंबरखिंडीपुरता तर महाराजांचा हिशेब त्याच वर्षी बरोबर ठरला. पुण्यात शाहिस्तेखान बसलेला. त्याच्या एका मोठ्या फौजेला रानात शेवटपर्यंत कापत बसायला वेळ कुणाला होता? खानाला मोकळे करून महाराज तडक दक्षिण कोकणात उतरले. दाभोळ, संगमेश्वर, आणि मार्च महिन्यात राजापूर. राजापुरात इंग्रजांची वखार लुटली, तिथले इंग्रज धरले आणि त्यांना जवळजवळ दोन वर्षे कैदेत ठेवले. पन्हाळ्याच्या वेढ्यात या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा चालवून मदत केली होती, त्याचा हा जाब होता. म्हणजे कुणाला मारायचे, कुणाला धरून ठेवायचे आणि कुणाला वाट मोकळी करून द्यायची, हा निर्णय ते माणूस आणि वेळ पाहून घेत. ती त्यांची राजनीती. खिंडीत हात राखण्याएवढी ताकद त्यांच्याकडे होती.

प्रयोगातल्या महाराजांना मात्र एकच गोष्ट येते. खान दिसला की धावून जायचे. पाहणाऱ्याला वाटते आपण महाराजांचा पराक्रम वाढवून दाखवला. प्रत्यक्षात त्यांच्या हातातला निर्णय काढून घेतला. उंबरखिंडीचा खरा मोठेपणा त्या निर्णयात आहे. घोड्यावर बसलेला जेता, समोर थकलेला वकील, हुकमाची वाट बघत रानात दबा धरून बसलेले मावळे, आणि हुकूम येतो तो थांबण्याचा. हे दाखवायला धुराचे यंत्र लागत नाही. बोलता येणारी दोन माणसे लागतात. ती महाग पडत असतील.

मावळच्या लोकांना शत्रूला नाव-चेहरा देण्याचे वावडे कधी नव्हते. कार्ल्यापाशी पडलेल्या त्या स्ट्युअर्टला मराठ्यांनीच इष्टुर फाकडा केला. पेशवाईतल्या नामांकित फाकड्यांत त्याला बसवला. वडगावात त्याची समाधी आहे आणि तिच्यापुढे हात जोडणारे आहेत. अंगावर चालून आलेल्या परक्या कप्तानाची ही बरदास्त. ज्यांनी तो मारला त्यांनीच ती ठेवली. आणि अडीचशे वर्षांनंतर, त्याच तालुक्यात, जो मेलाच नाही त्या खानाला आपण पोटाला गिरदी बांधून मारतो.

शिवाय हे सगळे मुलांसमोर चालते. मोठ्यांनी काय पाहावे, कशावर टाळ्या द्याव्यात, ही त्यांची मर्जी. पण अशा सहलींना आता शाळाही येऊ लागल्या आहेत. मुलांना ठरवून आणले जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध लिहून घेतला जातो. त्या निबंधात खान मेलेला असतो. इतिहासाच्या गुरुजींनी तो तांबड्या शाईने कापला, तर मुलगा म्हणणार, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्याला काय उत्तर द्यायचे?

2 फेब्रुवारीला उंबरखिंडीचा विजय दिन चावणीच्या स्मारकापाशी साजरा होतो. तिथे पोवाडे होतात, मर्दानी खेळ होतात, भाषणेही होतात. त्याला आमची काही तक्रार नाही. मर्दानी खेळ हा मर्दानी खेळ म्हणून दाखवला की तो कुणाला फसवत नाही. तक्रार आहे ती लढाई म्हणून काहीतरी दुसरेच विकण्याची.

प्रयोगवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. शेवटचा प्रवेश बदलावा. आणि रायबागनचे काम बोलता येणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावे, घोडा नसला तरी चालेल. मुळात जे घडले त्यात नाट्य कमी नाही. जमत नसेल तर नाव बदलावे. 'मर्दानी खेळ आणि भोजन' म्हणावे, लोक तरीही येतील.

सहल नेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवणे आहे. हिरवळीवर न्यायच्या आधी मुलांना जागा दाखवा. लोणावळ्याहून कुरवंड्याला गाडी जाते. नागफणीचा सुळका डाव्या-उजव्या हाताला ठेवण्याच्या भानगडीत न पडता गावातला एखादा वाटाड्या बरोबर घ्या आणि खिंडीतून खाली चावणीला उतरा. अर्धा दिवस पुरतो. लहान मुले असतील तर खोपोलीहून पालीच्या रस्त्याने शेमडीवरून गाडीनेही चावणी गाठता येते. वाट अरुंद कुठे होते ते त्यांना स्वतःला पाहू द्या आणि तिथे उभे करून विचारा, तुम्ही महाराज असता तर काय केले असते. सकाळी लवकर निघा. खिंडीत वारा लागत नाही. पाणी वरूनच भरून घ्या.